शनिवारचे कपडे

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी अण्णांचा कोट परत घ्यायला गेले होते, आणि काउंटरवरच्या रेडिओतून अण्णा हसले. आधी हसले, मग थोडं खोकले, मग आपल्या कॉलेजात शिकवायच्या इंग्रजीत म्हणाले, "नो, नो, ओनोदेरा-सान. धिस इज नॉट क्रिकेट." माझ्या हातात पावती होती. दुकानाच्या मालकीण किकुची-सान लांब काठीने वरच्या दांडीवरचे कपडे सरकवत तो कोट शोधत होत्या. मे महिन्यातली दुपार, दार उघडं, बाहेरून सायकली जात होत्या. आणि ज्यांना मी एप्रिलमध्ये पोचवून आले होते ते माझे वडील, पडसं झाल्यासारख्या आवाजाच्या एका गायिकेला बेसबॉलच्या संघात कुठे उभं करावं, यावर वाद घालत होते. किकुची-सान काठी तशीच वर धरून हसल्या. "हे आजोबा मजेदार आहेत हं," त्या म्हणाल्या. "तुमच्या देशाचे ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे जे म्हणायला हवं होतं ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं. रेडिओवर रेकॉर्ड सुरू झाली. मी म्हटलं, "कोट राहू दे. उन्हाळाभर तुमच्याकडेच ठेवा." तशी सोय इथल्या दुकानांत असते, हिवाळी कपडे धुऊन नोव्हेंबरपर्यंत सांभाळतात. किकुची-साननी पावतीवर शिक्का मारला. मी बाहेर आले आणि सिग्नल हिरवा होऊन, त्याची ती पक्ष्यासारखी शीळ वाजून, पुन्हा लाल झाला तरी तिथेच उभी राहिले. आश्चर्य म्हणजे मला रडू येत नव्हतं. आपण घरी नसताना कुणीतरी येऊन गेलं आणि दाराला पिशवी अडकवून गेलं, असं काहीतरी वाटत होतं.

अण्णा, म्हणजे नीलकंठ दामले, आयुष्यभर मिरजेत भौतिकशास्त्र शिकवत राहिले आणि आयुष्यभर जॅझ ऐकत राहिले. मिरजेत जॅझ ऐकणं म्हणजे काय हे मिरजकरांनाच कळेल. ज्या गावात सतारी घडतात, जिथे दूधवालासुद्धा उस्तादांच्या आठवणी सांगतो, तिथे आमच्या घरातून संध्याकाळी शॉर्टवेव्हची खरखर आणि त्या खरखरीच्या मागे कुठेतरी सॅक्सोफोन. शेजारचे वैद्य म्हणायचे, "नीलकंठराव, रेडिओत मांजर अडकलंय हो तुमच्या." अण्णा मान डोलवायचे आणि आवाज वाढवायचे. परदेशी केंद्रावरचा तो निवेदक सावकाश बोलायचा, पण गायकांची नावं नेमकी वाऱ्यावर जायची. म्हणून अण्णांनी त्यांची बारशी स्वतःच केली. पडशाची बाई. आक्का, म्हणजे जिचा आवाज ऐकून बँडसुद्धा सरळ बसतो ती. काकवी, म्हणजे दाट, गोड आणि थोडा जळका आवाज असलेला पुरुष. आई स्वयंपाकघरात विळीवर भाजी चिरत असायची. ती शास्त्रीय शिकलेली होती, तिला हे सगळं पोरकट वाटायचं, "याला समच नाही," असं ती दर आठवड्याला एकदा तरी म्हणायची. पण विळीवर पडणारा तिचा हात काकवीच्या गाण्याबरोबर पडू लागायचा, पहिल्या मात्रेवर, अचूक. अण्णा मला खुणेने दाखवायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. तिला सांगितलं असतं तर तिने थांबवलं असतं.

आई गेल्यावर मी अण्णांना इथे जपानात, सेंदाईला घेऊन आले. इथल्या विद्यापीठात मी धातूंवर संशोधन करते. नेमकं सांगायचं तर धातू थकतात कसे यावर. सारंग, माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. तो म्हणाला होता, "ताई, ते तिथे काय करणार? भाषा नाही, माणूस नाही." मलाही तीच भीती होती. पहिले काही महिने अण्णा खिडकीपाशी बसून कचऱ्याच्या गाड्या बघायचे. जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लॅस्टिक कुठल्या वारी, हे त्यांना माझ्याआधी पाठ झालं. मग एका सप्टेंबरात, रस्त्यांवरच्या झाडांखाली जागोजागी बँड वाजत असतात त्या दिवसांत, आम्ही चालत असताना ते एका अरुंद जिन्यासमोर थांबले. वर कॉफीचं दुकान होतं, पण कॉफीपेक्षा रेकॉर्ड ऐकण्यासाठी असलेलं; जपानात अशी जुनी दुकानं अजून आहेत. आत अंधारं, भिंतभर रेकॉर्ड, कपाटाएवढे दोन स्पीकर, आणि दारावर पाटी: रेकॉर्ड चालू असताना बोलू नये. काउंटरमागे ओनोदेरा-सान होते. सत्तरी ओलांडलेले, लोकरीची टोपी, चेहऱ्यावर शाळेच्या मुख्याध्यापकाची शांतता. आम्ही बसलो. रेकॉर्डवर एक बाई गात होती. अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मी दचकले. बाजू संपली, ओनोदेरा-सान रेकॉर्ड उलटायला उठले आणि अण्णा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाले, "अगं, पडशाची बाई! पण हिचं पडसं गेलंय!" शॉर्टवेव्हच्या वाऱ्याशिवाय तिला त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्या दुकानात बोलायला फक्त तेवढीच फट असते. एक बाजू संपून दुसरी सुरू होईपर्यंत. ओनोदेरा-सान मुद्दाम सावकाश उलटतात, फडक्याने रेकॉर्ड पुसतात, सुई फुंकतात. नेहमीची गिऱ्हाइकं तेवढ्यात कॉफी मागतात, हवेबद्दल एखादं वाक्य बोलतात. अण्णांनी ती फट आपली करून टाकली. बाजू चालू असताना ते पुढचा प्रश्न मनात घडवत बसायचे आणि सुई उचलली की टाकायचे. ओनोदेरा-सान तरुणपणी बंदरातल्या जहाज कंपनीत होते, कामापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. जिथे इंग्रजी संपायचं तिथे बेसबॉल सुरू व्हायचा, कारण बेसबॉलचे निम्मे शब्द इंग्रजीतूनच आलेले, आऊट, सेफ, स्ट्राइक, आणि ते दोघांनाही पुरायचे. अण्णा क्रिकेटवाले. बॅट टाकून पळणारी माणसं बघून त्यांना सुरुवातीला लाज वाटायची. "हा काय प्रकार, अवजार फेकून देतात?" पण ओनोदेरा-साननी त्यांना स्टेडियमवर नेलं, मार्चअखेरच्या बोचऱ्या थंडीत गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसवलं, आणि एक गोष्ट दाखवली जी अण्णांना फार दिवस पुरली. फलंदाज मुद्दाम चेंडू हळूच पायाशी टाकतो आणि स्वतः बाद होतो, कशासाठी, तर आधीचा माणूस एक टप्पा पुढे सरकावा म्हणून. घरी आल्यावर अण्णा कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसले. कोटाच्या बाहीवर मोहरीच्या सॉसचा पिवळा डाग पडला होता. "विभा, आपल्याकडे असं कुणी करेल? सगळ्यांसमोर, ठरवून बाद व्हायचं आणि टाळ्या घेत परत यायचं?" "धावबाद होतात की, अण्णा." "ते चुकून गं. आणि नंतर एकमेकांकडे कसे बघतात ते आठव."

एका वस्तीपुरत्या छोट्या एफएम केंद्रावर ओनोदेरा-सान दर शनिवारी दुपारी जॅझचा कार्यक्रम करायचे. दुकानातच मायक्रोफोन ठेवून बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि केंद्राला पाठवायचं. कधीतरी अण्णा त्यात आले. मग येतच राहिले, आणि त्यांचं इंग्रजी ओनोदेरा-सान जपानीत सांगू लागले. दोघांनी मिळून गायकांचा बेसबॉल संघ निवडायला घेतला, एका शनिवारी एक जागा. आक्का यष्टीमागे, म्हणजे कॅचर, कारण सगळ्या संघाने तिच्याकडे बघून खेळायचं. पडशाची बाई पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, कारण तिचा स्वर कुठे वळेल हे बॅटवाल्याच्या बापाला कळणार नाही. ओनोदेरा-सान नावं रेकॉर्डवरची खरी सांगायचे, पण मागून एकदा "आक्का" म्हणायचेच. जपानी तोंडात तो शब्द फार आदबशीर वाटायचा. तेव्हा मी हा कार्यक्रम एकदाही ऐकला नाही. शनिवारी मी प्रयोगशाळेत असायचे. आणि घरात जो माणूस रोज समोर आहे त्याला रेडिओवर कशाला ऐकायचं?

पुढच्या हिवाळ्यात ओनोदेरा-सानच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. म्हणून दोघांनी पुढचे पुष्कळ शनिवार आधीच मुद्रित करून ठेवले. ओनोदेरा-सान इस्पितळात गेले, मग चालायला शिकवतात तिथे गेले. अण्णांनी त्यांच्यासाठी काळजी केली, भूल देण्याबद्दल, जिन्याबद्दल. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी अण्णांच्याच छातीत दुखलं. इस्पितळात ते दोन रात्री राहिले, तिसरी राहिले नाहीत. सारंग आला. विद्युतदाहिनीतून बाहेर आल्यावर इथे अस्थी लांब काड्यांनी उचलतात, दोघांनी मिळून एक. तिथल्या कर्मचाऱ्याने पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी ते करून दाखवलं. सारंग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, हाताने नाही का चालणार?" मी म्हटलं, "चालेल, विचारते," आणि विचारलंच नाही, कारण तेवढ्यात आमच्या दोघांच्या काड्यांत एक लहानसं हाड नीट धरलं गेलं होतं, आणि दोघांपैकी कुणालाच ते सोडवेना. ओनोदेरा-सानना कसं कळवावं ते मला माहीत नव्हतं. दुकान बंद होतं. मी जिन्यावरच्या पेटीत एक कार्ड टाकून आले. रेडिओ केंद्राला तर हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्याकडे दिलेलं ते दर शनिवारी वाजवत राहिले.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या त्या दुपारनंतर चार दिवसांनी ओनोदेरा-सान माझ्या दारात उभे राहिले. हातात काठी, काखेत मिठाईचा खोका, डोक्यावर टोपी नव्हती. कार्ड त्यांनी घरी परतल्यावर वाचलं होतं. ते इतके वाकले की मला त्यांच्या नव्या गुडघ्याची भीती वाटली. "आज केंद्राला फोन करतो. थांबवतो. तुम्हाला न विचारता त्यांचा आवाज... अक्षम्य आहे हे." मी त्यांना आत बसवलं, चहा ठेवला, आणि आतून ऐकलं की मी म्हणते आहे, "थांबवू नका." त्यांनी मान वर केली. "थांबवू नका," मी परत म्हटलं. "अजून संघ पुरा व्हायचाय ना?"

मग माझे शनिवार सुरू झाले. अण्णांचा ट्रान्झिस्टर घरात होता, पण तो लावून एकटीने बसणं मला जमेना. एकदा लावला आणि त्यांचा आवाज येण्याआधीच बंद केला. त्या खोलीत तो आवाज आला असता तर खुर्चीकडे बघावं लागलं असतं. म्हणून दर शनिवारी मी एक कपडा घेऊन किकुची-सानच्या दुकानात जायचे. आधी माझे कोट संपले. मग स्वेटर, मग पडदे, मग आईच्या दोन रेशमी साड्या. किकुची-साननी त्या साड्या दोन्ही हातांवर झेलल्या आणि माप कुठून घ्यायचं ते विचारलं. एकदा तर मी जिला ड्रायक्लीनिंगची गरजच नाही अशी सुती चादर नेली. किकुची-साननी तीही घेतली; मला वाटतं तोवर त्यांना वाटू लागलं होतं की भारतीय लोक फार स्वच्छ असतात. त्यांनी काउंटरपलीकडे माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं. कार्यक्रम सुरू झाला की आम्ही दोघी ऐकायचो. "काकवी म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या त्या काळ्या साखरेच्या पाकासारखं. भाकरीबरोबर खातात." त्यांनी डोळे मिटून काकवीचं गाणं परत ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. तळाला लागलेला पाक." त्यांचे यजमान हयात असताना घरात बेसबॉलशिवाय दुसरा विषय नसायचा, त्यामुळे संघाबद्दल त्यांची मतं ठाम होती. काकवीला पहिल्या टप्प्यावर, म्हणजे फर्स्ट बेसला, उभं केलेलं त्यांना अजिबात पटलं नाही. "इतका संथ माणूस! तुमच्या त्या आजोबांना सांगायला हवं." मी म्हटलं, "ऐकायचे नाहीत ते." त्यांनी चमकून पाहिलं. "ओळखता का काय त्यांना?" मी म्हटलं, "आमच्याकडचे आजोबा असेच असतात."

का सांगितलं नाही? मी स्वतःला विचारलं, घरी जाताना, विद्यापीठाच्या बसमध्ये, तडा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा वाकवलेल्या पट्टीचा फोटो पडद्यावर बघताना. या शहरात, या देशात, बहुधा साऱ्या जगात किकुची-सान हे माझ्या ओळखीचं असं एकच माणूस होतं, ज्याच्या लेखी अण्णा जिवंत होते. नुसते जिवंत नव्हे, चुकत होते. त्यांना काही सांगायचं राहिलं होतं. मला त्या दुकानात बसायला आवडत होतं. वाफेचा वास, तारेच्या हँगरची किणकिण, आणि दांडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अण्णांचा करडा कोट, जो मला स्टुलावरून दिसायचा आणि ज्याबद्दल किकुची-सानना फक्त एवढंच माहीत होतं की तो नोव्हेंबरपर्यंत ठेवायचा आहे. फोनवर सारंग म्हणाला, "ताई, सगळ्या फाइल्स मागून घे ना त्यांच्याकडून. एकदम ऐकून टाकू." मी म्हटलं, "एकदम ऐकून टाकायचं नाहीये मला." तो म्हणाला, "बरं. राइट फील्डला कोण ते कळलं की सांग." तोही इंटरनेटवरून ऐकत होता, मला न सांगता.

राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाची, जागा तेवढी उरली होती, आणि पुढच्या शनिवारी ओनोदेरा-सान कार्यक्रमात एकटेच होते. जुन्या रेकॉर्ड लावल्या, संघाचा विषय काढला नाही. किकुची-सान हिरमुसल्या. "आजोबा आजारी असतील का?" त्यांनी विचारलं, आणि मी चादरीची घडी पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी मी तो अरुंद जिना चढले. दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. मी अण्णांच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बाजू संपली, फट आली, ओनोदेरा-सान सावकाश रेकॉर्ड पुसत राहिले. आणि माझ्याकडे प्रश्न तयार नव्हता. दुसरी बाजू सुरू झाली. तीही संपली. मग त्यांनीच गल्ल्यामागून एक पेन ड्राइव्ह आणून माझ्यासमोर ठेवला. "एक भाग उरलाय," ते म्हणाले. "शेवटचा. मी तो केंद्राला दिला नव्हता, कारण तो खराब झालाय. रेकॉर्ड वाजते तेव्हा मायक्रोफोन बंद करायचा असतो. केंद्रातले नंतर मूळ गाणं जोडतात. त्या दिवशी मी बंद करायला विसरलो. आम्हा दोन म्हाताऱ्यांचे आवाज गाण्यात आले असणार. रेडिओसाठी निरुपयोगी." मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला हवा असेल तर हा तुमचा. मी केंद्राला सांगेन, संघ अपुरा राहिला." मी म्हटलं, "तुम्ही ऐकलाय?" "नाही. एकट्याने नाही ऐकवला."

तो पेन ड्राइव्ह एक आठवडा माझ्या प्रयोगशाळेतल्या खणात होता. ऐकला की संपणार, हे इतकं साधं होतं की लहान मुलालाही कळावं. न ऐकलेले अण्णा तेवढेच उरले होते. आणि तो वाजवला की किकुची-साननाही कधी ना कधी विचारावं लागणार, पुढच्या शनिवारी काय, आणि मला सांगावं लागणार. मला मिरजेची एक गोष्ट आठवत राहिली. एक बाई होती जिला अण्णांनी नावच दिलं नव्हतं, ते तिला नुसतं "ती" म्हणत. तिचं एक गाणं त्या कार्यक्रमात नेहमी शेवटी लागायचं, आणि दर वेळी ते पुरं होण्याआधी तास संपायचा, निवेदक बोलू लागायचा, केंद्र विरून जायचं. अण्णा सुई हलवत राहायचे, एखादा बुडालेला माणूस शोधावा तसे. आई म्हणायची, "संपलं हो ते." अण्णा म्हणायचे, "संपलेलं मी ऐकलेलं नाही." त्यांचं तारुण्य गेलं, माझं बालपण गेलं, शॉर्टवेव्ह गेली, आई गेली. आणि मग ओनोदेरा-सानच्या दुकानात एका दुपारी ते गाणं शेवटपर्यंत वाजलं. मी शेजारी होते. जिथे नेहमी वारा यायचा तिथे वारा आला नाही, ती बाई पुढे गायली, एक ओळ, अर्धी ओळ, पियानोचे चार-दोन सूर, आणि संपलं. अण्णा सुई उचलली जाईपर्यंत थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढंच?" आणि असे हसत सुटले की डोळे पुसावे लागले. घरी जाताना बसमध्ये परत हसले. "विभा, अगं एवढंच राहिलं होतं. मला वाटायचं, काय असेल नि काय नाही."

मी पेन ड्राइव्ह ओनोदेरा-सानना परत नेऊन दिला. "जसा आहे तसा लावा," म्हटलं. त्यांनी तो गल्ल्यापाशी ठेवला. "आमच्या बोटांची टकटक ऐकू येईल त्यात," ते म्हणाले. "लोक तक्रार करतील." मी म्हटलं, "करू देत."

शनिवारी माझ्याजवळ न्यायला कपडा उरला नव्हता. मी रिकाम्या हाताने गेले. जूनचा ओला उकाडा होता, दुकानात पंखा फिरत होता. किकुची-साननी माझ्या हातांकडे पाहिलं, स्टूल पुढे केलं, आणि रेडिओचा आवाज वाढवला. ओनोदेरा-सान थोडक्यात म्हणाले की आज संघ पुरा होईल आणि आजचं मुद्रण सदोष आहे, क्षमा असावी. मग अण्णा. राइट फील्ड. ओनोदेरा-सान सांगत होते की जपानात शाळेच्या संघात सगळ्यात कच्च्या मुलाला तिथे उभं करतात, कारण तिकडे चेंडू फारसा येत नाही; ते स्वतः लहानपणी तिथेच उभे असायचे. "मग चेंडू येईपर्यंत तुम्ही काय करायचात?" अण्णांनी विचारलं. "ढग बघायचो." "तर मग तिथे कच्चा माणूस चालणार नाही," अण्णा म्हणाले. "तिथे वाट बघता येणारा माणूस हवा. माझ्याकडे एक बाई आहे." किकुची-साननी मांडीवर चापट मारली. "बरोबर! आता बरोबर बोलले." आणि तिचं गाणं लागलं.

आधी मला फक्त गाणंच ऐकू आलं. मग त्याच्या आत, लाकडावर बोट आपटल्याचा आवाज. अण्णा. पहिल्या मात्रेवर, समेवर, मग तिसरीवर, ज्या सवयीवरून दुकानात त्यांची कायम थट्टा व्हायची. जॅझमध्ये ठोका दुसरीवर आणि चौथीवर द्यायचा असतो. ओनोदेरा-सान म्हणायचे की जपानी माणसाचा हातही जत्रेतल्या गाण्यांमुळे पहिलीवरच पडतो, आणि स्वतःचा हात दुसरीवर आणायला आपल्याला अर्धं आयुष्य लागलं, आणि आता हा भारतीय गृहस्थ येऊन रोज बिघडवतो. अण्णा म्हणायचे, "सम सोडून टाळी दिली तर बायको वर बसून विळी फेकून मारेल." दोघांपैकी कुणी बदललं नाही. आणि आता त्या उघड्या राहिलेल्या मायक्रोफोनमध्ये अण्णांचं बोट एकावर पडत होतं, ओनोदेरा-सानचं दोनावर, अण्णांचं तीनावर, ओनोदेरा-सानचं चारावर. दोघं पाटीचा नियम पाळून गप्प होते, एकमेकांना दुरुस्त करत होते, आणि दोघांचं मिळून एक सलग, शांत चालणं तयार होत होतं. एखाद्या लांब रस्त्यावरून दोन माणसं चालत जावीत तसं. मी स्टुलावर अगदी स्थिर बसले होते. मधेच अण्णांनी घसा खाकरला. मधेच कपबशी वाजली. जिथे वारा यायचा ती जागा आली आणि गेली, एक ओळ, अर्धी ओळ, पियानोचे सूर, सुई उचलली गेली. मी वाट पाहिली. अण्णा काही म्हणाले नाहीत. खुर्ची सरकली, त्यांचे पाय लाकडी जमिनीवर दोन-तीन पावलं चालले, आणि मग मायक्रोफोनपासून थोडं लांब, स्वतःशीच, मराठीत, दर संध्याकाळी कुठूनही निघताना म्हणायचे तसं ते म्हणाले, "चला. माझा कोट कुठंय?"

ओनोदेरा-सान "हाय, हाय" म्हणाले, म्हणजे जपानीत "हो, हो", कापड सळसळलं, आणि मुद्रण थांबलं. लगेच भाजीच्या दुकानाची जाहिरात लागली.

"शेवटी काय म्हणाले हो ते?" किकुची-साननी विचारलं. "हिंदीत बोलले ना?"

"मराठीत. कोट मागतायत," मी म्हटलं.

मग मी वर दांडीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "तो," मी म्हटलं. "तो त्यांचाच आहे. ते माझे वडील होते. एप्रिलमध्ये गेले." होते हा शब्द आपल्यासारखाच जपानीतही अगदी वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ मिळतो. किकुची-साननी आधी रेडिओ बंद केला, मग काठी घेतली, कोट खाली उतरवला, पिशवी फाडली. बाही उलटून माझ्यापुढे धरली. "हा डाग पूर्ण गेला नाही," त्या म्हणाल्या. "तीनदा प्रयत्न केला. मोहरी असावी. क्षमा करा."

"स्टेडियमवरचा आहे," मी म्हटलं. "राहू दे."

त्या काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या. कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरून, म्हाताऱ्या माणसाला घालायला धरतात तसा त्यांनी तो माझ्यामागे उघडा धरला. मी हात मागे नेले. उकाडा होता, पंखा फिरत होता, कोट खांद्यावर जड होता आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. "काकवीला पहिल्या टप्प्यावर ठेवलं ते मात्र चूकच," त्या माझ्या पाठीमागून म्हणाल्या, आणि खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली.

मी बाहेर आले. लोक बघत होते, इथे कुणी बघत नाही तरी बघत होते. घाम मानेवरून कोटाच्या अस्तरात उतरत होता. सिग्नलपाशी हात खिशात घातला तेव्हा ध्यानात आलं की माझं बोट चालूच आहे, एकावर, तीनावर, आणि मधल्या मात्रांची जागा मोकळी ठेवून. उद्या दुपारी जिना चढायचा होता. मी प्रश्न तयार केला: ढगांत नेमकं काय दिसायचं तुम्हाला, ओनोदेरा-सान? शीळ वाजली, आणि मी सगळ्यांबरोबर रस्ता ओलांडला.